शिशाचा माग काढणारे शास्त्रज्ञ

शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हाती जी शिसपेन्सिल असते तिच्यात शिसे मुळीच नसते. तिच्यातील काळी कांडी ग्राफाइटची, म्हणजे कोळशाच्याच एका जातभाईची असते. जुन्या काळी ग्राफाइटला शिशाचा एक प्रकार समजत. ती समजूत गेली, पण नाव मागे राहिले. उलट, ज्या वस्तूंत शिसे खरोखरच भरलेले असे, त्यांच्या नावात त्याचा उच्चारही नव्हता. शेंदूर हा मुळात शिशाचा तांबडा ऑक्साइड. रंगाऱ्याचा जुना सफेता हा शिशाचाच क्षार. छापखान्यातील खिळे शिशाच्या मिश्रधातूचे. आणि विसाव्या शतकात कित्येक दशके जगातील मोटारी जे पेट्रोल जाळीत होत्या, त्यातही शिसे विरघळविलेले असे.

हवा, पाणी व अन्न यांतील विषांचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ आयुष्यभर नेमके काय करतो, ह्या प्रश्नाचे उत्तर ह्या पेन्सिलीवरून देता येईल. जेथे विषाचे नाव कोणी घेत नाही तेथे ते आहे काय, असल्यास किती आहे, कोठून आले, आणि तेवढ्याने कोणाचे काय बिघडते, हे चार प्रश्न तो विचारीत असतो. प्रत्येक पदार्थ विषच असून केवळ मात्रेमुळे तो निरुपद्रवी ठरतो, असे पॅरासेल्सस ह्या युरोपीय वैद्याने सोळाव्या शतकातच सांगून ठेवले होते. तत्त्व सोपे आहे. परंतु ती मात्रा मोजावयाची कशी, आणि कोणाच्या मानाने ती अधिक वा उणी म्हणावयाची, ह्या प्रश्नापायी कित्येकांची आयुष्ये खर्ची पडली. शिशाच्या बाबतीत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत चार शास्त्रज्ञांनी जे काम केले, त्याची हकीकत ह्या दृष्टीने फार बोधप्रद आहे.

त्यांतील पहिले नाव डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन ह्यांचे. त्यांचा जन्म १८६९ चा. मिशिगन विद्यापीठातून १८९३ मध्ये त्या वैद्यकाच्या पदवीधर झाल्या आणि १८९७ पासून शिकागोतील ‘हल हाउस’ ह्या सेवासंस्थेत गोरगरीब परदेशी मजुरांच्या वस्तीत राहू लागल्या. शेजारच्या घरांतील धट्टेकट्टे पुरुष अकाली खंगतात, त्यांच्या पोटात असह्य कळा येतात, मनगटे लुळी पडतात, हे त्यांनी तेथे पाहिले. १९१० मध्ये इलिनॉय संस्थानाने धंद्यांतून उद्भवणाऱ्या रोगांची पाहणी करविली, तेव्हा ते काम हॅमिल्टनबाईंकडे आले. अमेरिकेत असा अभ्यास पूर्वी कोणी पद्धतशीरपणे केलेला नव्हता. कारखान्यांच्या दप्तरांतून काही निघण्यासारखे नव्हते, कारण आजारी पडलेल्या मजुराचे नाव हजेरीपटावरून उडाले की त्याचा रोगही दप्तरापुरता नाहीसा होई. म्हणून बाईंनी इस्पितळांतील नोंदी चाळल्या, औषधविक्यांना व धर्मोपदेशकांना गाठले, आणि नोकरी जाण्याच्या भीतीने कारखान्यात तोंड न उघडणाऱ्या मजुरांना त्यांच्या घरी जाऊन बोलते केले.

न्हाणीच्या टबांना एनॅमल चढविणाऱ्या मजुरांचा रोग त्यांना असाच सापडला. तापून लाल झालेल्या टबावर एनॅमलची पूड चाळली जाई, त्या पुडीत शिसे असे, आणि तिची धूळ मजुराच्या श्वासावाटे पोटात व फुप्फुसांत जाई. पांढऱ्याशुभ्र टबाकडे पाहून शिशाची आठवण कोणाला होणार? पुढे एका मोठ्या शिसे-कंपनीचे अधिकारी एडवर्ड कॉर्निश ह्यांच्याशी बाईंची गाठ पडली. आपल्या माणसांना विषबाधा होते हे त्यांना पटेना. मात्र पुरावा आणल्यास सांगाल त्या सुधारणा करू, असे वचन त्यांनी दिले. बाई बावीस मजुरांची खात्रीलायक टिपणे घेऊन परत आल्या, आणि कॉर्निश ह्यांनी दिलेला शब्द पाळला. कारखान्यांत धूळ ओढून नेण्याची व्यवस्था झाली व मजुरांना तपासण्यासाठी डॉक्टर नेमले गेले.

ह्या कामाच्या जोरावर १९१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना औद्योगिक वैद्यकाच्या साहाय्यक प्राध्यापक नेमले. त्या विद्यापीठाच्या अध्यापकवर्गातील त्या पहिल्या स्त्री होत. नेमणुकीबरोबर अटीही आल्या: अध्यापकांच्या क्लबात पाऊल ठेवावयाचे नाही, फुटबॉलच्या सामन्याची तिकिटे मागावयाची नाहीत, आणि पदवीदान समारंभाच्या मिरवणुकीत चालावयाचे नाही. १९३५ मध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हाही साहाय्यक प्राध्यापकच होत्या. विद्वत्तेचा मान आणि मानाची जागा ह्या दोन गोष्टी नेहमी एकत्र येतातच असे नाही, ह्याचे हे एक उदाहरण होय.

ह्यानंतरची हकीकत पेट्रोलची आहे. इंजिनात पेट्रोल अवेळी पेटून जे ठोके बसतात ते थांबविण्यासाठी टेट्राएथिल लेड हा शिशाचा द्रव उपयोगी पडतो, असा शोध टॉमस मिजली ह्या तंत्रज्ञाने १९२१ मध्ये लावला. १९२३ मध्ये असे पेट्रोल विक्रीस आले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका तेलशुद्धीकरण कारखान्यात हा द्रव तयार करणारे पाच कामगार बुद्धिभ्रंश होऊन थोड्याच दिवसांत मरण पावले. हा द्रव घातक नाही हे दाखविण्यासाठी मिजली ह्यांनी बातमीदारांच्या देखत त्यात हात धुतले व त्याची वाफ हुंगली. त्याआधीच ते स्वतः शिशाच्या बाधेने आजारी पडून विश्रांतीसाठी फ्लोरिडाला गेले होते.

मे १९२५ मध्ये वॉशिंग्टन येथे सरकारी आरोग्यखात्याने परिषद बोलाविली. उद्योगाच्या प्रतिनिधीने हा द्रव म्हणजे ईश्वरी देणगी असल्याचे सांगितले. येल विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ यँडेल हेंडरसन व हॅमिल्टनबाई ह्यांनी उलट बाजू मांडली. कारखान्यातील पाच मृत्यू भयंकर खरेच. परंतु रस्त्यारस्त्यांतून हळूहळू साचत जाणारी शिशाची धूळ ही ह्याहून मोठी भीती आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. समितीने काही महिने तपासणी केली आणि १९२६ च्या आरंभी, बंदी घालण्यास सध्या सबळ कारण दिसत नाही, परंतु पुढे अभ्यास चालू ठेवावा, असा निर्णय दिला. पेट्रोल पुन्हा विकले जाऊ लागले. पुढचा अभ्यास कोणी करावयाचा, ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र पुढील चाळीस वर्षांच्या इतिहासावर परिणाम करून गेले.

कारण तो अभ्यास मुख्यतः एका माणसाच्या हाती गेला, आणि त्याचा खर्च त्याच उद्योगाने दिला. डॉ. रॉबर्ट केहो हे सिनसिनाटी विद्यापीठातील केटरिंग प्रयोगशाळेचे प्रमुख होते. ते आळशी नव्हते आणि अडाणी तर नव्हतेच. त्यांच्या देखरेखीखाली द्रव तयार करणारे कारखाने पूर्वीपेक्षा पुष्कळच सुरक्षित झाले, हेही मान्य केले पाहिजे. त्यांचे म्हणणे असे: शिसे मातीत आहे, अन्नात आहे, म्हणून प्रत्येक माणसाच्या अंगात ते थोडेफार असणारच, रक्ताच्या दर १०० मिलिलिटरमागे ८० मायक्रोग्रॅमपर्यंत ते असले तरी बाधा होत नाही, आणि ज्याला अपाय होतो असे वाटते त्याने तो आधी दाखवून द्यावा. ऐकावयास हे न्याय्य वाटते. परंतु तुलनेसाठी त्यांनी जी माणसे निवडली त्यांच्याही अंगात शिसे साचलेले होते. मोटारींपासून दूर राहणाऱ्या मेक्सिकोतील ज्या खेडुतांची त्यांनी तपासणी केली, त्यांच्या मातीच्या भांड्यांवरील झिलईतच शिसे होते! ज्या ठिकाणी सर्वांचीच वस्त्रे मळलेली आहेत तेथे एकमेकांशी ताडून पाहून स्वच्छ कोणाला ठरविणार? शिवाय पुरावा देण्याचा भार ज्यांच्यावर होता त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, आणि प्रयोगशाळा ज्यांच्याजवळ होती त्यांना पुराव्याची निकड नव्हती.

ही कोंडी फुटली ती अगदी अनपेक्षित दिशेने. क्लेअर पॅटर्सन हा आयोवा संस्थानात १९२२ मध्ये जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ. शिसे हा त्याच्या अभ्यासात शिरला तो विष म्हणून नव्हे. युरेनियमचे कोट्यवधी वर्षांनी शिशात रूपांतर होते. म्हणून खडकातील किंवा अशनीतील शिशाच्या निरनिराळ्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले असता पृथ्वीचे वय काढता येते, हे त्याचे मूळ काम. परंतु मोजणी दर वेळी चुके. नमुन्यात असावयास पाहिजे त्याच्या कितीतरी पट शिसे निघे. पुष्कळ दिवसांनी उलगडा झाला की हे जादा शिसे खडकातले नसून प्रयोगशाळेतले आहे. ते पाण्यात होते, आम्लांत होते, काचेच्या भांड्यांत होते, हवेतील धुळीत होते, प्रयोग करणाऱ्याच्या केसांत व कपड्यांतही होते.

मग पॅटर्सनने जे केले त्याला मराठीत सोवळे ह्यावाचून दुसरा शब्द सापडणे कठीण. कॅलिफोर्नियातील तंत्रविद्यासंस्थेत त्याने अशी खोली सिद्ध केली की तीत गाळलेली हवाच यावी, भांडी पुनःपुन्हा आम्लात धुवावी, आम्ले स्वतः ऊर्ध्वपातनाने शुद्ध करावी, आणि आत येणाऱ्याने कपडे बदलून यावे. फरक इतकाच की ह्या सोवळ्याचा प्रत्येक नियम मोजून ठरविलेला होता. ह्या शुद्धतेचे फळ म्हणून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे त्याने सिद्ध केले व १९५६ मध्ये ते प्रसिद्ध केले. तो आकडा आजही जवळजवळ तसाच मान्य आहे.

एवढ्या कीर्तीवर दुसरा एखादा आयुष्यभर स्वस्थ राहिला असता. पॅटर्सनच्या मनात मात्र दुसराच प्रश्न घोळू लागला: आपल्या नमुन्यांना ओवळे करणारे हे शिसे मुळात आले कोठून? त्याने समुद्राचे पाणी तपासले. पृष्ठभागाजवळच्या पाण्यात शिसे अधिक आणि खोल पाण्यात कमी निघाले. म्हणजे ते अलीकडेच वरून पडले असले पाहिजे. १९६५ मध्ये त्याने एका वैद्यकीय नियतकालिकात विस्तृत लेख लिहून असे प्रतिपादन केले की, अमेरिकन माणसाच्या अंगातील शिसे निसर्गाने घातलेल्या प्रमाणाच्या सुमारे शंभर पट आहे. केहो ह्यांनी ‘सर्वसामान्य’ म्हणून जे प्रमाण धरले होते ते ‘नैसर्गिक’ नव्हतेच. ह्या दोन शब्दांतील अंतर दाखवून देणे, हेच पॅटर्सनच्या आयुष्यातील, पृथ्वीच्या वयाखालोखाल, सर्वांत मोठे काम म्हटले पाहिजे.

त्याची किंमतही त्याला द्यावी लागली. पेट्रोल-उद्योगाकडून त्याच्या संशोधनाला मिळणारे द्रव्यसाहाय्य बंद झाले. १९६६ मध्ये सेनेटर मस्की ह्यांच्या उपसमितीपुढे केहो व पॅटर्सन ह्या दोघांच्याही साक्षी झाल्या. तरीही हवेतील शिशाविषयी १९७१ मध्ये ज्या राष्ट्रीय समितीचा अहवाल निघाला, तिच्यात ह्या विषयातील सर्वांत काटेकोर मोजणाऱ्याला स्थान नव्हते. दरम्यान ग्रीनलंडच्या बर्फाने त्याची साक्ष दिली होती. तेथे दरवर्षीचा हिमवर्षाव थरावर थर रचीत जातो, जणू जमाखर्चाच्या वह्याच. जपानी व अमेरिकन सहकाऱ्यांसह १९६९ मध्ये त्याने दाखविले की, इसवी सनापूर्वी ८०० च्या सुमाराच्या बर्फापेक्षा आधुनिक बर्फात शिसे शेकडो पट आहे, आणि सर्वांत तीव्र वाढ १९४० नंतरची आहे.

घरगुती डब्यापर्यंतही त्याचे हात पोचले. १९८० मध्ये पॅटर्सन व त्याची सहकारी डॉरोथी सेटल ह्यांनी दाखवून दिले की, शिसेमिश्रित धातूने सांधे जोडलेल्या पत्र्याच्या डब्यातील ट्यूना मासळीत नैसर्गिक प्रमाणाच्या दहा हजार पट शिसे असते. इतकी मोठी गोष्ट सरकारी तपासनिसांच्या नजरेतून निसटली, कारण ताज्या मासळीतील शिशाची त्यांची मोजणीच त्यांच्या प्रयोगशाळांतील धुळीमुळे फार चुकलेली होती. तपासणाऱ्याचा हात स्वच्छ नसेल तर अपराधी सुटतो, हा न्याय येथे अक्षरशः लागू पडला.

तरीही एक प्रश्न उरलाच. अंगात शिसे जास्त आहे हे सिद्ध झाले; पण त्याने बिघडते काय? ह्याचे उत्तर फिलाडेल्फियात जन्मलेले बालरोगतज्ज्ञ व मानसवैद्य डॉ. हर्बर्ट नीडलमन ह्यांनी दिले. शरीर शिशाला चुन्याच्या जातीचे समजून हाडांत व दातांत साठविते. रक्तातील शिसे काही आठवड्यांतच कमी होऊ लागते, दातातील राहते. म्हणून नीडलमन ह्यांनी मॅसॅच्युसेट्समधील दोन गावांच्या शाळांतून पहिली-दुसरीतील मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. आजीबाई जे दात कौलावर फेकावयास सांगत, ते ह्या मनुष्याने जपून ठेवून तपासले. ज्यांच्या दातांत शिसे अधिक होते त्या मुलांची बुद्धिमापनातील सरासरी कमी निघाली, आणि त्यांचे लक्ष लवकर विचलित होते असे शिक्षकांनी, दातांविषयी काहीही ठाऊक नसताना, नोंदविले होते. ह्यांपैकी एकही मूल रुग्ण म्हणून डॉक्टरकडे गेलेले नव्हते. हा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. अकरा वर्षांनी त्यांनी त्याच मुलांचा पुन्हा शोध घेतला, तेव्हा दातांत शिसे अधिक असलेल्यांत शाळा अर्धवट सोडणाऱ्यांचे प्रमाण पुष्कळच जास्त असल्याचे आढळले.

१९९१ मध्ये त्यांच्यावर शास्त्रीय अप्रामाणिकपणाचा आरोप आला. आरोप करणाऱ्यांनी शिसे-उद्योगाच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून काम केलेले होते. नीडलमन ह्यांनी चौकशी बंद दाराआड न होता सर्वांसमक्ष व्हावी असा आग्रह धरला, आणि ती तशी झाली. त्यांच्या कामात काही चुका आढळल्या. लबाडी आढळली नाही. चुका दुरुस्त करून पाहिले तरी निष्कर्ष बदलला नाही. आयुष्याच्या साठीनंतर ह्या शास्त्रज्ञाला जुने कागद पुन्हा मांडून आपल्या सचोटीची परीक्षा द्यावी लागली, हे ज्या तरुणांना ह्या क्षेत्रात शिरावयाचे आहे त्यांनी नीट ध्यानात ठेवावे.

ह्या साऱ्या श्रमांचे फलित काय? अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात पेट्रोलमधील शिसे टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे नियम झाले. १९७६ ते १९८० ह्या काळात तेथील लोकांच्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे सरासरी १२.८ मायक्रोग्रॅम शिसे होते. १९८८ ते १९९१ मध्ये ते २.८ वर आले. डब्यांच्या सांध्यांतील शिशावर १९९५ मध्ये बंदी आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पॅटर्सन वारले. त्यानंतर महिना होण्यापूर्वीच, १ जानेवारी १९९६ रोजी, रस्त्यावरील मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल अमेरिकेत सर्वत्र निषिद्ध झाले. हॅमिल्टनबाई १०१ वर्षांच्या होऊन सप्टेंबर १९७० मध्ये निवर्तल्या, आणि कामगारांच्या सुरक्षिततेचा अमेरिकेतील मोठा कायदा त्याच वर्षाच्या डिसेंबरात मंजूर झाला. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २००० पासून बंद झाली. जगातील शेवटचा देश अल्जीरिया. तेथे ते जुलै २०२१ मध्ये थांबले. १९२५ च्या परिषदेत दिलेला इशारा सर्व पृथ्वीवर अमलात येण्यास शहाण्णव वर्षे लागली.

केहो ह्यांनी निर्धोक मानलेली ८० मायक्रोग्रॅमची मर्यादाही अशीच उतरत गेली. मुलांच्या बाबतीत काळजी घेण्यास कोठे आरंभ करावा ह्याचा आकडा अमेरिकेच्या रोगनियंत्रण खात्याने १९९१ मध्ये १० वर, २०१२ मध्ये ५ वर आणि २०२१ मध्ये ३.५ वर आणला. ज्याखाली अपाय होतच नाही अशी मर्यादा अद्याप सापडलेली नाही. आणि शिसे संपलेले नाही. जुन्या बॅटऱ्या फोडून वितळविणाऱ्या लहान भट्ट्यांत ते आहे, जुन्या भिंतींच्या पोपडलेल्या रंगात आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये असा नियम २०१६ मध्ये झाला व पुढील वर्षी अमलात आला. परंतु त्यापूर्वी दिलेले रंग भिंतींवर अजून आहेतच.

म्हणून ह्या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्यांना कामाचा तोटा नाही. रसायन, शरीरशास्त्र, वैद्यक, संख्याशास्त्र ह्यांपैकी कोणत्याही दाराने आत येता येते. नागपूर येथे १९५८ मध्ये स्थापन झालेली व १९७४ पासून ‘नीरी’ ह्या नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय पर्यावरण-संशोधन संस्था, लखनौची १९६५ मध्ये स्थापन झालेली विषविज्ञान संस्था आणि अहमदाबादची व्यावसायिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था ही तर ह्या विद्येची प्रमुख केंद्रे होत. अशा कामात कीर्ती उशिरा येते, कित्येकदा येतही नाही. कारण यशस्वी झालेल्या कामाचे फळ म्हणजे कोणीतरी आजारी न पडणे, आणि न पडलेल्या आजाराबद्दल कोणी आभार मानीत नाही.

ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी ही वाट धरू म्हणेल त्या घराने पदवी व पगार ह्यांची चौकशी अवश्य करावी. पण त्यासोबत आणखी दोन गोष्टी विचाराव्या. जेथे नोकरी करावयाची त्या प्रयोगशाळेचा खर्च कोण चालवितो, आणि त्याला न आवडणारे उत्तर निघाल्यास ते छापण्याची मोकळीक तेथे आहे काय? केहो व पॅटर्सन ह्यांच्यात विद्वत्तेचे अंतर फारसे नव्हते. जे अंतर होते ते ह्या दोन प्रश्नांच्या उत्तरांत होते, आणि त्या अंतराचे मोल दोन पिढ्यांच्या मुलांनी आपल्या अंगातील शिशाने चुकते केले.